बुळकांडीचा अंत: कत्तल की लस?

१/
२५ मे २०११. पॅरिस येथे जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या वार्षिक अधिवेशनात एक ठराव संमत झाला: बुळकांडी हा गुरांचा रोग आता जगात कोठेही उरलेला नाही. देवीनंतर पृथ्वीवरून समूळ नष्ट झालेला हा दुसरा रोग, आणि जनावरांच्या रोगांपैकी पहिलाच. या लढ्याचा एक महत्त्वाचा धागा पुण्यातून निघतो.

२/
बुळकांडी हा शब्द मुळात पातळ हगवणीचा वाचक. जनावराला प्रथम सणसणून ताप येई, रवंथ थांबे, डोळ्यानाकांतून पाणी वाहू लागे, तोंडात व्रण पडत. मग दुर्गंधीयुक्त हगवण सुरू होई आणि शरीर कोरडे पडून जनावर बहुधा आठ-दहा दिवसांत दगावे. कारण होते एक विषाणू, माणसाच्या गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग. माणसाला मात्र तो बाधत नसे.

३/
माणूस मरे तो भुकेने. १८८७ च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर हा रोग लाल समुद्रावरील मसावा बंदरात उतरला आणि दहा वर्षांच्या आत आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचला. अनेक प्रदेशांत दहांपैकी आठ-नऊ गुरे मेली. इथिओपियात नांगराला बैल उरले नाहीत. पुढच्या दुष्काळात तेथील सुमारे एक तृतीयांश लोक मेले, असा अंदाज सांगितला जातो.

४/
युरोपचा उपाय कठोर होता. अठराव्या शतकाच्या आरंभी पोपचे वैद्य जोव्हान्नी मारिया लांचीसी यांनी रोगी गुरे ताबडतोब मारून चुन्यासह पुरावीत आणि गुरांची ने-आण बंद करावी, असा सल्ला दिला. १८६५ मध्ये ब्रिटनमध्ये मोठी साथ आली तेव्हा आधी बरीच टाळाटाळ झाली. १८६६ च्या कायद्याने कत्तल सक्तीची झाली आणि पुढच्याच वर्षी साथ आटोक्यात आली.

५/
हिंदुस्थानात हा मार्ग बंद होता. गाय-बैल मारण्यास धर्मभावनेचा विरोध होता, तसाच तो पोटाचाही होता. बैलजोडी हेच शेतकऱ्याचे भांडवल. नांगर, मोट, गाडी, मळणी सारे तिच्यावर चाले. ती पेरणीच्या तोंडावर गेली तर सावकाराच्या दारी जाण्यावाचून गत्यंतर नसे. शिवाय इतक्या अफाट देशात प्रत्येक मालकाला भरपाई देणे सरकारला परवडणारे नव्हते.

६/
साथींची चौकशी करण्यासाठी सरकारने १८६८ मध्ये आयोग नेमला. त्याचे प्रमुख होते पशुवैद्यक जे. एच. बी. हॅलेन. आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये आला. पुढे ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत, ‘इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ तेच.

७/
मात्र अत्यंत संसर्गजन्य रोगाचे प्रयोग भर वस्तीत करणे धोक्याचे होते. म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात, मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. एकांत आणि थंड हवा, दोन्ही तेथे होती. दक्षिण आफ्रिकेत बुळकांडीवर काम करून आलेल्या रॉबर्ट कॉख यांनी १८९७ मध्ये मुक्तेश्वरला भेट दिली. १८९९ पासून तेथे रोगप्रतिबंधक रक्तजल तयार होऊ लागले.

८/
रक्तजल म्हणजे रोगातून वाचलेल्या जनावराच्या रक्तातील संरक्षक अंश. तो टोचला की संरक्षण लगेच मिळे, पण थोडेच दिवस टिके. त्याच्या जोडीने रोगी जनावराचे रक्तही टोचले तर प्रतिकारशक्ती दीर्घकाळ राही. परंतु त्या रक्तातून दुसरे रोग शिरण्याची भीती असे, आणि कधी बुळकांडीच उसळे.

९/
१९२० च्या दशकात मुक्तेश्वर येथे जे. टी. एडवर्ड्स यांनी यावर तोड काढली. विषाणू एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा वारंवार नेला असता तो गुरांसाठी सौम्य झाला. देशी गुरे ही लस सहज सोसत आणि त्यांना दीर्घकाळ संरक्षण मिळे. विदेशी व संकरित जनावरांना मात्र ती जड जाई. तरी रोगी जनावर मारण्याऐवजी निरोगी जनावर वाचवण्याचे साधन आता हाती आले होते.

१०/
१९५४ मध्ये स्वतंत्र भारताने राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. उद्दिष्ट होते ऐंशी टक्के गुरे-म्हशींना लस टोचण्याचे. साथी झपाट्याने घटल्या, पण रोग संपेना. दरवर्षी नवी वासरे जन्मत आणि आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण काही महिन्यांत ओसरे. बाजारातून, फिरत्या कळपांतून विषाणूला नवे बळी मिळत राहत.

११/
दरम्यान केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लोराइट यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर विषाणू वाढवून नवी लस तयार केली. ती स्वस्त होती आणि कोणत्याही जातीच्या, कोणत्याही वयाच्या गुराला चाले. पुढे तिचे उष्णता सोसणारे रूप तयार झाले आणि बर्फाच्या पेटीवाचून ती दुर्गम कुरणांपर्यंत पोहोचली. प्लोराइट यांना १९९९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये ते वारले. अंतिम घोषणा ऐकायला ते एक वर्ष कमी पडले.

१२/
लढ्याचा सर्वांत अवघड निर्णय शेवटी आला: लस बंद करण्याचा. कारण साधे होते. लसीमुळे रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये आणि रोगामुळे तयार झालेली प्रतिद्रव्ये चाचणीत सारखीच दिसत. टोचणी चालू असेपर्यंत विषाणू खरोखर गेला आहे की केवळ दबला आहे, हे कळणे अशक्य होते. खात्री हवी असेल तर गुरांचे कवच काढून घ्यावे लागणार होते.

१३/
१९९२ नंतरच्या प्रकल्पात देशाचे विभाग पाडण्यात आले. टप्प्याटप्प्याने टोचणी थांबली आणि शोध सुरू झाला. पशुवैद्यक गावोगावी, बाजारोबाजारी विचारपूस करू लागले. व्रण आणि हगवण एकत्र दिसली की नमुना प्रयोगशाळेकडे जाई. भारतातील शेवटची साथ १९९५ मध्ये तमिळनाडूत नोंदली गेली. २००६ मध्ये भारताला संसर्गमुक्तीची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. जगातील शेवटचा रुग्ण २००१ मध्ये केनियातील रानम्हशींत आढळला होता.

१४/
म्हणून या विजयाचे श्रेय एकट्या लसीचे नाही. रोगातून वाचलेले जनावर विषाणू बाळगत नसे, आणि एकच लस त्याच्या सर्व वाणांवर चाले. निसर्गाने दिलेली ही सोय खरी. पण तिचा लाभ घेण्यासाठी दाखला देणारा अधिकारी जितका आवश्यक होता, तितकाच गोठ्यातले आजारपण न लपवता सांगणारा पशुपालकही.

१५/
२०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पी त्वचारोग पसरला तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीवर निर्बंध आले आणि घरोघरच्या जनावरांना शेळ्यांच्या देवीवरील लस टोचण्यात आली. रोग निराळा, विषाणू निराळा. पण ने-आण रोखणारे लांचीसी आणि शेळीकडे वळलेले एडवर्ड्स, दोघांच्याही पाऊलखुणा त्या मोहिमेत होत्या. बुळकांडी आज केवळ शब्दकोशात, वृद्धांच्या आठवणीत आणि काही मोजक्या प्रयोगशाळांच्या कुलूपबंद साठ्यांत उरली आहे. ते साठेही नष्ट करण्याचे काम चालू आहे. ब्रिटनमधील पिरब्राइट संस्थेने आपला साठा २०१९ मध्ये नष्ट केला.