मीटरचं कापड, इंचाचं माप

पनवेलमधल्या कुठल्याही कापडाच्या दुकानात अस्तर मागा, दुकानदार मीटरवर मोजून देतो. तेच कापड घरी आणून कापायला बसलं, की टेप मात्र इंचात वाचायची: छाती ३६, कंबर ३२, बाही ६. टेपच्या उलट बाजूला सेंटिमीटर छापलेले असतात, पण ती बाजू कोणी बघत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आईकडून शिवण शिकायला लागलो तेव्हा एकाच कामातली ही दोन एककं मला सगळ्यात आधी खटकली.

उत्तर इतिहासात सापडतं. भारतानं १९५६ साली कायदा करून मेट्रिक पद्धत स्वीकारली आणि पुढच्या काही वर्षांत दुकानातला वार जाऊन मीटर आला. वार म्हणजे ३६ इंच; नऊवारी साडीच्या नावात तो अजून आहे. कायद्यानं विक्रीचं माप बदललं, शिवणाऱ्याच्या डोक्यातलं नाही. कारण कापण्याची सगळी सूत्रं इंचात बसवलेली होती आणि लोकांना ती पाठ होती. म्हणून नवशिक्यानं पहिल्या दिवशीच लक्षात ठेवावं, की एक मीटर म्हणजे ३९ इंचांहून थोडं जास्त.

ही इंचटेप आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. युरोपात ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळली. त्याआधी तिथले शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची वेगळी पट्टी ठेवत आणि छाती, कंबर, बाही यांच्या जागी तिला खाचा पाडत. पट्टीवर आकडे नसत, त्यामुळे एकाची पट्टी दुसऱ्याच्या कामाची नसे. आपल्याकडेही शिंप्याची हत्यारं फार जुनी आहेत. संत नामदेव शिंपी घराण्यातले, आणि गुरू ग्रंथ साहिबातल्या त्यांच्या एका पदात गज, कात्री, सुई-दोरा यांची रूपकं आली आहेत. आकड्यांवाचून माप द्यायची रीत तर आजही चालू आहे: ‘मापाचं ब्लाउज’ पिशवीत घालून टेलरकडे टाकायचं.

टेपनं शरीराचे आकडे केले आणि आकडे आले की सूत्र मांडता येतं. कापड दुहेरी घडी घालून कापतात, म्हणून पाठीच्या अर्ध्या भागाला छातीचा पाव हिस्सा लागतो. छाती ३६ असेल तर ९ इंच, त्यात थोडा सैलपणा आणि शिलाईसाठी सोडलेलं जादा कापड, म्हणजे माया. गळ्याची रुंदी बहुतेक पद्धतींत छातीचा बारावा भाग धरतात, म्हणजे इथे ३ इंच. मापाचं ब्लाउज बघून फक्त त्याची नक्कल होते. सूत्र कळलं, की कधीही न पाहिलेल्या माणसाचंही शिवता येतं. मला शिवणात गोडी लागली ती इथे.

यंत्र नंतर आलं. एलियास हाव यांना अमेरिकेत शिवणयंत्राचं पेटंट मिळालं १८४६ मध्ये, आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, म्हणजे दोघी जवळपास एका वयाच्या. सिंगर कंपनीनं यंत्र हप्त्यानं विकायला सुरुवात केली आणि ते सामान्य घरांत शिरलं. १९२४ मध्ये जी. रामचंद्रन या विद्यार्थ्यानं गांधीजींना विचारलं होतं, की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का. गांधीजींनी अपवाद म्हणून सिंगरच्या शिवणयंत्राचं नाव घेतलं. बायकोचे कष्ट पाहून सिंगरनं ते बनवलं, असं ते म्हणाले. प्रत्यक्षात सिंगर यांनी बॉस्टनमधल्या एका कारखान्यात दुसऱ्यांच्या सदोष यंत्रात सुधारणा केली होती. पुढे कोलकात्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्सनं ‘उषा’ काढली आणि देशी यंत्र मिळू लागलं.

पण यंत्र घरात आलं म्हणून कला येत नाही. शिंप्याची विद्या घराण्यात आणि दुकानात राहत होती, आणि दुकानात बसत ते पुरुष. ती बायकांपर्यंत पोचायला वर्ग लागले, पुस्तकं लागली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. विधवा आणि गरजू स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभं करणं हा त्यामागचा हेतू होता, आणि तिथं शिकवल्या जाणाऱ्या विषयांत शिवण होतं. नंतर मुंबईच्या झारापकरांचं ‘झारापकर सिस्टिम ऑफ कटिंग’ आलं. अशा पुस्तकांमुळे कर्तनाची सूत्रं कोणालाही वाचता येतील अशी छापली गेली.

यात एक गोष्ट तशीच राहिली. दुकानात शिवणारा ‘मास्टर’ झाला आणि घरी शिवणारी ‘घरबसल्या काहीतरी करते’ झाली. माझ्या आईनं बारा वर्षं शेजारणींचे ब्लाउज शिवले. माझ्या कॉलेजच्या फीमध्ये ते पैसे होते, तरी रेशनकार्डावर तिच्या नावापुढे ‘गृहिणी’च होतं. तिच्या वहीत दीडशेच्या वर बायकांची मापं आहेत. आमच्या ऑफिसात अशा नोंदींना डेटाबेस म्हणतात आणि तो सांभाळणाऱ्याला बरा पगार मिळतो.

शिकायचंच असेल तर सामान थोडं लागतं. ६० इंची टेप, खडू, टाचण्या, हातसुया, उसवायचं हत्यार, इस्त्री आणि कापडाची कात्री. या कात्रीनं कागद कापायचा नाही, धार जाते. कागदाला दुसरी ठेवावी. यंत्राला आधी तेल द्यावं आणि जुन्या सुती कापडावर सरळ टीप मारायचा सराव करावा. हातानं धावदोरा, कच्चा टाका, तुरपाई आणि काज एवढं आलं पाहिजे. नवं सुती कापड कापण्याआधी भिजवून वाळवावं, नाहीतर शिवल्यावर आटतं. उभा धागा कुठला, आडवा कुठला हे ओढून बघावं. गळ्याची पट्टी मात्र उरेब कापावी, तरच ती गोलाईवर नीट बसते. सुरुवात पिशवीपासून करावी, मग परकर, आणि ब्लाउज सगळ्यात शेवटी, कारण मुंढा आणि टक्स हेच खरं अवघड काम आहे.

आणि माया सोडताना हात आखडू नये. तयार कपड्यात कारखाना कापड वाचवतो, आत जेमतेम शिलाईपुरतं ठेवतो. आई ब्लाउजच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच सोडते. बाळंतपणानंतर किंवा चाळिशीत अंग भरलं, तर तीच शिलाई उसवून एक टीप बाहेरून मारली की झालं. वहीतल्या कित्येक नावांपुढे तिनं छातीचा जुना आकडा खोडून नवा लिहिला आहे, आणि ब्लाउज तेच आहे.