गोळी-वंगण तापक

गोळी-वंगण तापक हे शिशाच्या ओतीव गोळ्यांना वंगण लावणाऱ्या यंत्राला मंद व स्थिर उष्णता देणारे उपकरण होय. मेणयुक्त घट्ट वंगण साध्या तापमानाला यंत्रातून नीट सरकत नाही. ते न वितळवता केवळ मऊ करणे एवढेच या तापकाचे कार्य असते. पाश्चात्त्य देशांत लायमन, आरसीबीएस यांसारखे उत्पादक असे तापक विकतात. तथापि रचना साधी असल्याने अनेक हौशी नेमबाज ते घरगुती साहित्यातून अल्प खर्चात तयार करतात. भारतात काडतुसे बनविणे किंवा पुन्हा भरणे यासाठी परवाना आवश्यक असल्याने या उपकरणाचा घरगुती वापर प्रचलित नाही.

वंगणाची आवश्यकता

शिसे हा मऊ धातू असून तो सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळतो. आटे पाडलेल्या नळीतून शिशाची उघडी गोळी वेगाने जाताना घर्षणामुळे व मागील तप्त वायूंमुळे तिच्या पृष्ठभागावरील शिसे सुटून नळीच्या आतील भागास चिकटते. हा थर वाढत गेल्यास नेम बिघडतो आणि नळी साफ करणे कठीण होते. हे टाळण्यासाठी गोळीच्या अंगावर आडव्या खाचा ठेवून त्यांत वंगण भरतात.

तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असलेल्या आधुनिक लष्करी गोळ्यांना असे वंगण लागत नाही. याउलट ०.२२ इंच रिमफायर काडतुसांतील शिशाच्या गोळ्यांवर कारखान्यातच मेणाचा किंवा चरबीयुक्त वंगणाचा पातळ लेप दिलेला असतो. ५० मीटर रायफल या ऑलिंपिक क्रीडाप्रकारात हीच काडतुसे वापरली जातात. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच अंतरावरील तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळविले. अशी काडतुसे तयार स्वरूपातच येत असल्याने नेमबाजाला वंगणयंत्राची गरज भासत नाही.

वंगणाचे घटक व त्यांचे वितळणबिंदू

तापक किती उष्ण असावा हे वंगणाच्या घटकांवर अवलंबून असते. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंशांना, लोकरीपासून मिळणारे लॅनोलिन सुमारे ४० अंशांना, तर कार्नौबा हे वनस्पतिजन्य मेण ८० अंशांच्या वर वितळते. प्राण्यांची चरबी साधारणपणे ४० ते ५० अंशांच्या दरम्यान वितळते. मेण वंगणाला घट्टपणा देते, तर चरबी किंवा तेल त्याला मऊपणा देते. मेणाचे प्रमाण अधिक असलेली मिश्रणे उन्हाळ्यात पाझरत नाहीत, मात्र यंत्रातून सरकण्यासाठी त्यांना उष्णता द्यावी लागते. तेलाचे प्रमाण अधिक असलेली मिश्रणे तापकाविना वापरता येतात, परंतु उष्ण हवेत ती गोळीवरून ओघळण्याचा संभव असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गोळीच्या वंगणाचा हवामानाशी असलेला संबंध भारताच्या इतिहासात विशेष महत्त्वाचा ठरला. ०.५७७ इंच व्यासाच्या १८५३ नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीसाठी कागदी काडतुसे वापरली जात. काडतुसाचे गोळीकडील टोक वितळलेल्या वंगणात बुडविलेले असे आणि दारूकडील टोक दातांनी तोडून ते उघडण्याची पद्धत होती. येथील हवेचा वंगणावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी १८५३ मध्ये वंगण लावलेली काडतुसे इंग्लंडहून भारतात पाठविण्यात आली. वंगणात कोणत्या प्राण्याची चरबी आहे हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळील दमदम येथे, वंगणात गाय व डुक्कर यांची चरबी असल्याची वार्ता शिपायांत पसरली. त्या महिन्याच्या अखेरीस शिपायांना आपल्या पसंतीचे वंगण, उदाहरणार्थ तूप व मेण यांचे मिश्रण, स्वतः लावण्याची मुभा देण्यात आली. परंतु तोपर्यंत काडतुसाच्या चकचकीत कागदाविषयीही संशय निर्माण झाला होता. २९ मार्च रोजी बराकपूर येथे मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले आणि १० मे रोजी मेरठ येथे उठाव झाला. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापूर येथील २७ व्या मुंबई देशी पायदळ पलटणीतही उठाव झाला. या उठावांमागे राजकीय व आर्थिक कारणेही होती. तथापि वंगणाच्या घटकांविषयीची अपारदर्शकता ही असंतोषाला तोंड फोडणारी बाब ठरली.

वंगणयंत्राची रचना

वंगणयंत्र लोखंडी किंवा ओतीव धातूचे असते. त्याच्या एका बाजूस वंगणाची कांडी ठेवण्याची नळकांडी असून तीवर स्क्रूच्या साहाय्याने दाब दिला जातो. मध्यभागी छिद्रे असलेला साचा असतो. दांडा खाली ओढला असता दट्ट्या गोळीला साच्यात ढकलतो, तिचा व्यास एकसारखा होतो आणि त्याच वेळी छिद्रांतून आलेले वंगण तिच्या खाचांत भरते. वंगण थंड व कडक असल्यास खाचा अर्धवट भरतात; अशा वेळी दाब वाढवीत राहिल्यास यंत्राचा स्क्रू किंवा जोड खराब होऊ शकतो. वंगण अतिउष्ण झाल्यास ते गोळीच्या तळाशी पसरते. हे वंगण पुढे काडतुसातील दारूला लागून ती निकामी होण्याचा धोका असतो.

घरगुती तापकाचे प्रकार

घरगुती तापकात तीन भाग असतात : उष्णतेचा स्रोत, उष्णता पसरविणारी धातूची जाड पट्टी आणि तापमान मर्यादित ठेवणारे साधन. ॲल्युमिनियम उष्णतेचे उत्तम वाहक असल्याने पट्टीसाठी ते सोयीचे ठरते. यंत्र या पट्टीवर घट्ट बसविले जाते, त्यामुळे उष्णता तळातून वर चढते.

उष्णतेच्या स्रोतानुसार पुढील प्रकार आढळतात :

दिव्याचा तापक : यंत्राजवळ ४० ते ६० वॉटचा तंतूचा दिवा ठेवला जातो. हा सर्वांत स्वस्त प्रकार असला तरी उष्णता एकाच बाजूने मिळते. एलईडी दिवा फार कमी उष्णता देत असल्याने तो येथे निरुपयोगी ठरतो.

इस्त्रीचा तापक : जुन्या इस्त्रीचा तळ पट्टीखाली बसविला जातो. घरगुती इस्त्री साधारणतः ७५० ते १,००० वॉटची असते आणि तिचा थर्मोस्टॅट कापडासाठी आखलेला असल्याने सर्वांत खालच्या टप्प्यालाही ती वंगणाच्या गरजेपेक्षा बरीच जास्त तापते. म्हणून तिची शक्ती कमी करणारे साधन किंवा स्वतंत्र तापमान-नियंत्रक जोडणे आवश्यक असते.

कांडी-तापक : ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात आडवे छिद्र पाडून त्यात लहान विद्युत कांडी बसविली जाते. उष्णता सर्वत्र सारखी पसरत असल्याने हा प्रकार अधिक समाधानकारक मानला जातो. काही वंगणयंत्रांच्या तळात अशा कांडीसाठी मुळातच जागा ठेवलेली असते.

शक्तीचा हिशेब

या कामासाठी फार मोठ्या शक्तीची गरज नसते. लोखंडाचे १ किलोग्रॅम वस्तुमान १ अंशाने तापविण्यास सुमारे ०.४५ किलोज्यूल उष्णता लागते. त्यानुसार ४ किलोग्रॅम वजनाचे यंत्र २५ अंशांपासून ४५ अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ३६ किलोज्यूल पुरतात. ४० वॉटचा तापक ही उष्णता १५ मिनिटांत देतो. पट्टी तापण्यासाठी लागणारी व हवेत जाणारी उष्णता धरल्यास प्रत्यक्षात याहून अधिक वेळ लागतो. शक्ती वाढविल्याने हा वेळ कमी होतो. परंतु नियंत्रण नसल्यास तळाकडील वंगण वितळते आणि वरचे कडकच राहते. त्यामुळे कमी शक्ती व अधिक वेळ हे घरगुती तापकाचे मूळ तत्त्व आहे.

सुरक्षितता

भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असल्याने धातूच्या पट्टीला अर्थिंग असणे अनिवार्य आहे. थर्मोस्टॅट बिघडल्यास प्रवाह तोडणारा उष्णता-फ्यूज हे दुसरे संरक्षण होय. सैल जोड, उघड्या तारा आणि ज्वलनशील पृष्ठभाग टाळावे लागतात. मेण व चरबी थेट आचेवर तापविल्यास पेट घेऊ शकतात. त्यामुळे मिश्रण करताना पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून ते वितळवितात. तापकाजवळ बंदुकीची दारू किंवा भरलेली काडतुसे ठेवणे धोकादायक असते. वंगणयंत्राच्या तापमानाला शिसे वितळत नसले, तरी गोळ्या हाताळताना ते हातांना लागते आणि अन्नावाटे शरीरात जाऊ शकते. लहान मुलांना शिशाची बाधा अधिक होत असल्याने स्वयंपाकघर व तेथील भांडी या कामासाठी वापरली जात नाहीत.

रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात

रत्नागिरी शहर समुद्रकिनारी असल्याने तेथे हिवाळ्यातही किमान तापमान सहसा १५ अंशांच्या खाली जात नाही. अशा हवेत मऊ वंगणासाठी तापक लागत नाही. मेणाचे प्रमाण अधिक असलेल्या वंगणासाठीच त्याची गरज उरते. वितळणबिंदूचे परिचित स्थानिक उदाहरण म्हणजे कोकमाच्या बियांपासून काढलेले कोकमतेल. ते सुमारे ४० अंशांना वितळते, म्हणून कोकणातील घरांत ते घट्ट गोळ्यांच्या रूपात टिकते आणि भेगाळलेल्या टाचांना लावण्यापूर्वी किंचित ऊब देऊन पातळ केले जाते. घट्ट स्निग्ध पदार्थाला मर्यादित उष्णतेने मऊ करण्याचे हेच तत्त्व वंगण तापकातही आहे.

जिल्ह्यात रानडुक्कर व वानर यांच्यापासून भातशेती आणि बागायतीचे रक्षण करण्यासाठी शेतकऱ्यांना शेती संरक्षण बंदुकीचे परवाने दिले जातात. या बंदुका प्रायः ठासणीच्या किंवा बारा बोअरच्या असतात. त्यांच्या नळीला आटे नसतात आणि त्यांत बहुधा छर्रे वापरले जातात. त्यामुळे खाचांत वंगण भरलेल्या गोळ्यांचा व पर्यायाने तापकाचा त्यांच्याशी संबंध येत नाही.

कायदेशीर स्थिती

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याविना शस्त्रे किंवा दारूगोळा यांची निर्मिती करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या तरतुदीच्या भंगासाठी किमान सात वर्षे ते जन्मठेपेपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे बनविण्याचा परवाना नव्हे. शेती संरक्षण परवानाधारकासही हाच नियम लागू होतो. तापक हे स्वतः केवळ उष्णता देणारे साधन आहे. परंतु ज्या प्रक्रियेचा तो भाग आहे, ती भारतात परवान्याच्या कक्षेत येते.