नाकाची वाट आणि गाभाऱ्यातला उजेड

आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानाचे. त्यामुळे ऑपरेशन कसं करावं हे सांगणार नाही. डोक्याच्या मधोमध बघायला माणूस कसा शिकला, तेवढंच सांगू.

पीयूषिका ग्रंथी वाटाण्याएवढी. कवटीच्या तळाशी खोगिरासारख्या खोबणीत बसलेली. तिच्या वरच दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. गाठ वाढून त्यांच्यावर दाब आला की दोन्ही कडांचं दिसेनासं होतं; बाजूनं येणारी गाडी कळत नाही. मेंदूतला मळ इथून नाकात झिरपतो, अशी गेलनच्या काळापासूनची समजूत. लॅटिन नाव त्या शेंबडावरूनच पडलं. आपल्या परिभाषेनं उच्चार जवळपास तोच ठेवून त्याचं अमृत केलं!

गेलनची समजूत चुकीची ठरली, पण 1907 मध्ये इन्सब्रुकला श्लोफर नाकाच्याच वाटेनं आत गेले. अमेरिकेत कुशिंग यांनी ही वाट वर्षानुवर्षं वापरली आणि 1920 च्या दशकाअखेर सोडून दिली. खोल जागा, अपुरा उजेड, वर चढलेली गाठ हाती लागेना; त्यापेक्षा कवटी उघडलेली बरी. एवढ्या मोठ्या माणसानं सोडली म्हटल्यावर बाकीच्यांनीही सोडली. त्यांचे शिष्य नॉर्मन डॉट मात्र एडिंबरोत तीच धरून राहिले. 1956 मध्ये पॅरिसचे गियो ती त्यांच्याकडे बघून आले, गियोंकडून माँट्रियलचे हार्डी शिकले, आणि हार्डींनी तिथं सूक्ष्मदर्शक आणला. विद्या एवढ्या बारीक धाग्यावर टिकते! (आपल्याकडे मुंबईत न्यूरोसर्जरीचा पाया घालणाऱ्यांपैकी बेळगावकडचे डॉ. राम गिंडेही माँट्रियललाच शिकलेले.)

अंबाबाईचा किरणोत्सव तुम्हाला आम्ही काय सांगावा? मावळतीचा सूर्य महाद्वाराच्या ओळीत आला तरच किरण मूर्तीपर्यंत पोचतात. वाटेत बांधकाम आलं की अडले. सूक्ष्मदर्शकाचं तसंच. दिवा बाहेर, डोळा बाहेर, दिसणार ते सरळ रेषेत. दुर्बिणीनं दिवा आणि डोळा दोन्ही गाभाऱ्यात नेले. त्यामागे पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी आहेत. काचतंतूंच्या जुडीतून चित्र नेता येतं, हे त्यांनी आणि हॉपकिन्स यांनी 1954 मध्ये मांडलं. पुढे हॉपकिन्सनी काचदांड्यांची भिंगं केली, चित्र लख्ख झालं. 1992 मध्ये फ्रान्समध्ये यांकोव्स्कींनी दुर्बिणीनं पीयूषिकेच्या गाठी काढल्या. 1997 मध्ये पिट्सबर्गच्या जो आणि कराऊ यांनी 50 रुग्णांचा अनुभव छापला.

आता तिरक्या भिंगानं कोपऱ्यामागची गाठही दिसते. पडद्यावरचं चित्र मात्र सपाट, खोली हाताच्या सवयीनं ओळखायची. त्रिमिती कॅमेरे आले ते यासाठीच. आणि आत मोठं भगदाड पडलं तर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळतं. ते बुजवायला नाकाच्या पडद्याचंच जिवंत आवरण वळवून लावतात.