मूर्च्छित माशी

विज्ञानाच्या इतिहासात शोध लागण्याचा दिवस आणि त्याचा अर्थ उमगण्याचा दिवस यांत पुष्कळदा मोठे अंतर असते. १९७६ साली ओबेद सिद्दिकी आणि सीमोर बेंझर यांनी फळमाशीच्या काही उत्परिवर्ती वाणांविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांतील एका वाणाचे नाव होते ‘कोमाटोज’, म्हणजे मूर्च्छित. ही माशी नेमकी कशामुळे मूर्च्छित होते हे कळायला एकोणीस वर्षे लागली. मुंबईत रुजलेल्या आणि पुढे बंगळूरला विस्तारलेल्या पेशीविज्ञानाच्या एका परंपरेचा इतिहास या माशीच्या आधाराने सांगता येतो.

पेशीत तयार होणारी पुष्कळशी प्रथिने जिथे निर्माण होतात तिथे उपयोगी पडत नाहीत. त्यांना अन्यत्र पोहोचावे लागते. स्वादुपिंडाच्या पेशींचा मागोवा घेऊन जॉर्ज पलादे यांनी हा प्रवास उलगडला. आंतर्द्रव्यजालिकेत घडलेले प्रथिन गॉल्गी संकुलात जाते आणि तेथून मेदाच्या पातळ पापुद्र्याने वेढलेल्या सूक्ष्म थैलीतून, म्हणजे पुटिकेतून, पेशीपटलापर्यंत येते. पुटिकेचा पापुद्रा पटलात मिसळला की आतील ऐवज बाहेर पडतो. या कार्यासाठी पलादे यांना १९७४ साली आल्बेर क्लोद आणि क्रिस्तियान द द्यूव यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्रे निश्चल होती. पुटिका आपले ठिकाण कशी ओळखते आणि दोन पापुद्रे एकमेकांत कसे मिसळतात, हे त्या चित्रांतून कळत नव्हते. यंत्र चालते कसे हे समजून घ्यायचे, तर ते कुठेतरी बंद पाडून पाहणे आवश्यक होते.

सिद्दिकी यांचा मार्ग या प्रश्नाकडे मुळीच जात नव्हता. १९३२ साली उत्तर प्रदेशातील बस्ती येथे जन्मलेल्या सिद्दिकी यांचे शिक्षण अलिगढला झाले. ग्लासगो येथे ग्विदो पोंतेकोर्वो यांच्या हाताखाली त्यांनी बुरशीच्या जनुकशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि नंतर अमेरिकेत अ‍ॅलन गॅरेन यांच्याबरोबर जीवाणूंच्या जनुकांवर महत्त्वाचे काम केले. १९६२ साली होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. कुलाब्याच्या टोकाला समुद्रकाठी उभ्या असलेल्या, गणित आणि भौतिकीसाठी ख्यात अशा त्या संस्थेत त्यांनी रेणवीय जीवविज्ञानाचा विभाग सुरू केला. पुढल्या दशकात त्यांचे लक्ष जीवाणूंकडून चेतासंस्थेकडे वळले. प्राण्याचे वर्तन जनुकांच्या भाषेत मांडता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेत बेंझर यांच्यासमवेत त्यांनी फळमाशीवर काम केले.

त्या काळातील प्रयोगाची रीत दिसायला साधी होती. माश्यांच्या जनुकांत रसायनांच्या योगे बदल घडवायचे, त्यांची संतती वाढवायची, ती ऊन हवेत ठेवायची आणि कोणत्या माश्या कोसळतात ते पाहायचे. या साधेपणामागे एक मार्मिक विचार होता. चेतांच्या कार्याला अत्यावश्यक असे जनुक पूर्णपणे निकामी झाले तर माशी जगणारच नाही. मग तिचा अभ्यास कसा करणार? काही उत्परिवर्तनांत मात्र प्रथिन नेहमीच्या तापमानाला कामचलाऊ राहते आणि उष्णतेत तेवढे निकामी होते. अशी माशी जगते, तिची वीण वाढते आणि संशोधकाच्या इच्छेनुसार तिचे यंत्र बंद करता येते. कॅनडात डेव्हिड सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माश्या मिळवल्या होत्या. १९७३ साली वर्णिलेल्या एका वाणाला त्यांनी बधिरतेचा अर्थ असलेले ‘शिबिरे’ हे जपानी नाव दिले होते.

कोमाटोजची तऱ्हा याहून निराळी होती. तापमान अडतीस अंशांच्या आसपास नेल्यावर ती लगेच कोसळत नसे. काही मिनिटांनी हळूहळू निश्चेष्ट होई. पुन्हा थंड जागी आणल्यावरही शुद्धीवर यायला तिला बराच वेळ लागे. सिद्दिकी आणि बेंझर यांनी विद्युत्संकेतांची मापने घेऊन दोष चेतांच्या संदेशवहनात आहे असे दाखवले. त्या काळी उपलब्ध असलेल्या साधनांनी याच्या पुढे जाणे शक्य नव्हते. जनुक गुणसूत्रावर कुठे आहे याची नोंद झाली. ते कोणते प्रथिन घडवते हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर माश्यांशी काहीही संबंध नसलेल्या दोन प्रयोगशाळांतून येत होते. बर्कली येथे रँडी शेकमन यांनी १९७९ पासून यीस्टचे असे वाण मिळवले, की ज्यांच्या पेशींत उष्णतेमुळे वाहतूक थांबून माल तुंबत असे. स्टॅनफर्डला जेम्स रॉथमन हॅम्स्टरच्या पेशी फोडून तीच वाहतूक परीक्षानळीत घडवून आणत होते. १९८८ साली त्यांच्या गटाने तिला लागणारे एक प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याचे नाव एनएसएफ. पुढल्याच वर्षी हे प्रथिन आणि शेकमन यांच्या यीस्टमधील ‘सेक-१८’ जनुकाचे प्रथिन एकाच कुळातले आहे असे आढळले. १९९२ साली धनुर्वाताचे विष चेतापेशीतील पुटिकांवरच्या एका प्रथिनाचे तुकडे करते असे सिद्ध झाले, आणि १९९३ साली गाईच्या मेंदूतून ज्या प्रथिनांशी एनएसएफचा संबंध येतो ती हाती आली. त्यांतलेच एक ते होते. शतकानुशतके बाळंतिणींचा आणि नवजात अर्भकांचा जीव घेणारा रोग नेमका कुठे घाव घालतो, ते अशा रीतीने उघड झाले.

१९९५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी कोमाटोज जनुकाची ओळख पटवली. ते एनएसएफचेच जनुक निघाले. पुटिकेवरील आणि पटलावरील प्रथिने दोरीच्या पिळासारखी एकमेकांत गुंततात आणि दोन्ही पापुद्र्यांना जवळ ओढतात. काम झाल्यावर तो पीळ उलगडला नाही, तर तीच प्रथिने पुन्हा वापरता येत नाहीत. हे उलगडण्याचे काम एनएसएफ ऊर्जा खर्चून करते. उष्णतेत कोमाटोज माशीच्या चेतांमध्ये न उलगडलेले पीळ साचत जातात, हे १९९८ मधील प्रयोगांनी दाखवले. सिद्दिकी आणि बेंझर यांनी नोंदवलेली ती सावकाश येणारी मूर्च्छा आता समजण्याजोगी झाली: हाताशी असलेला साठा संपेपर्यंत माशी सावध राहते.

शिबिरे माशीचे कोडेही याच सुमारास सुटले. तिच्यात बिघडणारे प्रथिन डायनॅमिन आहे असे १९९१ साली कळले. पेशीपटलाचा आत वळलेला भाग चिमटून त्याची नवी पुटिका करण्यासाठी ते लागते. मुंबईत सिद्दिकी यांच्या संस्थेतील के. एस. कृष्णन यांनी या माशीवर दीर्घकाळ काम केले. १९९४ साली मणी रामस्वामी आणि रेजिस केली यांच्यासमवेत त्यांनी चेताग्रांत पुटिका कशा परत घेतल्या जातात हे चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या साहाय्याने प्रत्यक्ष दाखवले.

दरम्यान टाटा संस्थेचा जीवविज्ञानाचा मोठा भाग दक्षिणेकडे सरकत होता. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी सिद्दिकी यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्र उभे राहिले. आरंभी भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात चालणारे हे केंद्र पुढे शहराच्या उत्तरेस कृषी विद्यापीठाच्या परिसरात स्थिरावले. मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत रसायनशास्त्र शिकून अमेरिकेत संशोधन केलेले सत्यजित मेयर त्याच दशकात तेथे रुजू झाले. पुटिका निघण्यापूर्वी पेशीपटलावर काय घडते, हा त्यांचा प्रश्न होता. पटलातील काही प्रथिने मेदाच्या नांगराने बाहेरच्या बाजूस अडकलेली असतात. ती विखुरलेली असतात की एकत्र, हे साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. मेयर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चमकणाऱ्या रेणूंतील ऊर्जेच्या देवघेवीवरून हे अंतर मोजले. ही देवघेव दहा नॅनोमीटरच्या आतच होते. १९९८ साली या प्रथिनांचे पुंजके असल्याचे त्यांनी दाखवले, आणि २००४ साली त्या पुंजक्यांत फार तर चार रेणू असतात असा निष्कर्ष काढला. पुढे भौतिकशास्त्रज्ञ मदन राव यांच्या साहाय्याने, पटलाखालचे अ‍ॅक्टिनचे तंतू हे पुंजके सतत घडवत असतात असे दिसून आले.

या प्रथिनांना पेशीत शिरण्यासाठी निराळी वाट आहे, असेही बंगळूरच्या गटाने २००२ साली मांडले. तिला डायनॅमिन खरोखर लागत नाही का, हे पारखण्यास उत्तम कसोटी होती शिबिरे माशीची. २००३ साली कृष्णन आणि मेयर यांच्या संयुक्त निबंधात या माशीच्या रक्तपेशी तापवून तपासल्या गेल्या. डायनॅमिन निकामी झाल्यावर एक वाट बंद पडली आणि दुसरी चालू राहिली. तीन दशकांपूर्वी केवळ कोसळते म्हणून वेगळी काढलेली माशी आता पेशीच्या दोन दारांतला फरक सांगत होती.

ओबेद सिद्दिकी यांचे २६ जुलै २०१३ रोजी बंगळूर येथे निधन झाले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आतच, ७ ऑक्टोबरला, पुटिकांच्या वाहतुकीची यंत्रणा उलगडल्याबद्दल रॉथमन, शेकमन आणि टोमास झ्यूडहोफ यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ते रास्तच होते. यंत्रणा त्यांनीच उलगडली होती. पण त्या यंत्रणेवाचून जिवंत प्राण्याचे काय होते, हे जी माशी दाखवते तिची नोंद सदतीस वर्षांपूर्वी झालेली होती.

ती नोंद कागदावर राहिली असती तर निरुपयोगी ठरली असती. फळमाशीची पिढी दहाबारा दिवसांत पुरी होते आणि तिचे वाण गोठवून ठेवण्याची खात्रीची रीत कित्येक दशके नव्हती. म्हणून दर काही आठवड्यांनी कोणीतरी जुन्या बाटलीतील माश्या मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगार घातलेल्या नव्या बाटलीत हलवत होते. अर्थ कळण्याच्या आधीच्या एकोणीस वर्षांतही हे काम चुकले नाही. त्या काळात आपण काय जपत आहोत याचे उत्तर त्यांतल्या कोणालाही ठाऊक नव्हते. बाटलीवरचे नाव तेवढे ठाऊक होते.