नखावरच्या जेलचं कूळ

लग्नसराईत फोंडाघाटची नवरी मेंदीच्या जोडीनं नखांना जेल लावून घ्यायला कणकवली गाठते. नख वाढवायचं, पण भांडी घासताना, कपडे पिळताना ते तुटू द्यायचं नाही, म्हणून स्वतःच्याच नखावर हा पारदर्शक थर चढवतात. पार्लरमध्ये याला ओव्हरले म्हणतात. याचं माहेर आहे दंतवैद्याच्या दवाखान्यात.

१९३०च्या दशकात कवळीसाठी अ‍ॅक्रिलिक वापरात आलं. १९५४ साली अमेरिकेतल्या फ्रेडरिक स्लॅक या दंतवैद्याचं नख काम करताना तुटलं, तेव्हा त्यानं दातांच्याच अ‍ॅक्रिलिकनं ते सांधलं, असं सांगतात. पुढे १९६२मध्ये राफेल बोवेन यांना दातांत भरायच्या नव्या रेझिनचं पेटंट मिळालं. १९७०च्या दशकात अशी रेझिनं अतिनील प्रकाशानं घट्ट करू लागले आणि १९८०च्या दशकात तीच युक्ती नखांवर आली.

जेलमध्ये अ‍ॅक्रिलेटचे सुटे रेणू असतात. दिव्याच्या प्रकाशानं ते एकमेकांना जोडले जातात आणि थर टणक होतो. नखाला त्या वेळी चटका जाणवतो, तो या क्रियेतल्या उष्णतेचा. नख स्वतः मात्र यानं बळकट होत नाही. त्याला फक्त चिलखत मिळतं.

धोका आहे तो न जुळलेल्या रेणूंचा. ओले काजूगर काढताना चीक लागून बोटांची सालं निघतात, हे आपल्याकडच्या बायकांना ठाऊक आहे. कच्चं जेलही कातडीला असंच बाधतं. नखांसाठी वापरल्या जाणाऱ्या, याच कुळातल्या शुद्ध मिथाइल मेथाक्रिलेट द्रवावर अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं १९७०च्या दशकातच कारवाई केली, ती अशाच इजांच्या तक्रारींवरून. एकदा या रेणूंची अ‍ॅलर्जी जडली की ती बहुधा जन्मभर राहते. दातांत भरायचं रेझिन आणि सांधा बदलताना वापरायचं हाडांचं सिमेंट याच कुळातलं असल्यानं तिथेही ती आडवी येऊ शकते.

म्हणून जेल कातडीला लागू देऊ नका, त्याच जेलसाठी सांगितलेला दिवा पूर्ण वेळ वापरा आणि थर ओरबाडून काढू नका. खाज सुटली तर जेल बंद करा, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि पुढे दात भरून घेताना डॉक्टरांना हे आधी सांगा.