कादंबरी वाचा, पण जोडीला इतिहासही ठेवा

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून दंगल झाली. टिपू आणि औरंगजेब यांच्या नावाने काही पोरांनी काहीतरी ठेवलं, त्यावरून बंदची हाक आली, मग दगडफेक, लाठीमार आणि इंटरनेट बंद. पकडलेल्यांत अल्पवयीन मुलंही होती. बातम्या वाचताना राहून राहून एकच प्रश्न मनात येत होता. ज्यांनी स्टेटस ठेवलं आणि ज्यांनी दगड उचलला, त्यांच्यापैकी किती जणांनी त्या दोन राज्यकर्त्यांबद्दल एखादं पूर्ण पुस्तक वाचलं असेल?

हा प्रश्न कुणाला हिणवण्यासाठी नाही. चौदा ते वीस या वयात मुलाला इतिहास मिळतो कुठून? शाळेच्या पुस्तकातून, सिनेमातून, मिरवणुकीतल्या गाण्यांतून आणि फॉरवर्डमधून. आपल्या घरांतल्या मुलाची अडचण तर आणखी वेगळी. चौथीत अफजलखानाचा धडा सुरू झाला की वर्गातल्या चार माना त्याच्याकडे वळतात. तो बिचारा काहीच बोलत नाही. मोठा झाल्यावर एक तर इतिहास हा विषयच नको म्हणतो, नाहीतर चिडून नेमका त्याच सुलतानाचा झेंडा उचलतो ज्याच्याबद्दल त्याला दोन ओळींच्या पलीकडे काही ठाऊक नाही. या दोन्ही वाटा टाळायच्या तर मुलांच्या हातात पुस्तकं द्यावी लागतील. कोणती, आणि कशी वाचायची, याबद्दल हा लेख.

मराठी घरांत इतिहास मुख्यतः कादंबरीतून आला, हे आधी मान्य करू. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ ची. हरि नारायण आपट्यांनी ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतली तेव्हा पहिला विषय निवडला टिपू सुलतानाचा. मेडोज टेलरच्या इंग्रजी कादंबरीवरून त्यांनी 'म्हैसूरचा वाघ' लिहिली. पुढे 'उषःकाल', मग रणजित देसाई, ना. सं. इनामदार, विश्वास पाटील. आपल्या आजोबांना माधवराव पेशवे आठवतात ते बहुधा 'स्वामी'तले. यात वाईट काही नाही. कादंबरी माणसाला त्या काळात नेऊन बसवते, घोड्याच्या घामाचा वास देते. पण ती लेखकाची असते. पात्राच्या तोंडचं वाक्य त्या माणसाने उच्चारलेलं असतंच असं नाही. म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक कादंबरीला एका इतिहासग्रंथाची जोड द्यावी आणि दोन्ही जवळजवळ ठेवून वाचावीत.

पहिली जोडी पानिपताची. विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) दहावी-अकरावीचं पोर एकदा हातात घेतलं की खाली ठेवत नाही. तिच्यासोबत त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं पानिपतावरचं पुस्तक द्या. ते १९४६ मध्ये डेक्कन कॉलेजने इंग्रजीत काढलं आणि नंतर मराठीतही आलं. शेजवलकर कुणाची भीड ठेवत नाहीत, पेशव्यांचीही नाही.

या जोडीत आपल्या मुलाला इब्राहीमखान गारदी भेटतो. फ्रेंच पद्धतीच्या कवायतीत तयार झालेला, आधी निजामाकडे असलेला आणि मग पेशव्यांच्या तोफखान्याचा नि पलटणींचा सरदार. त्या लढाईची एक महत्त्वाची हकीगत काशीराज पंडिताने फारसीत लिहून ठेवली आहे. काशीराज दख्खनी ब्राह्मण, पण नोकरी अवधच्या शुजाउद्दौलाची, म्हणजे अब्दालीच्या बाजूची. तो सांगतो की १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी इब्राहीमखान भाऊसाहेबांकडे गेला. माझ्या लोकांचा पगार वेळेवर द्या म्हणून मी हटून बसायचो, त्याचा तुम्हाला राग होता. या महिन्यात तर पगार मिळालेलाच नाही. पण ते राहू द्या, आज ते सगळं फेडतो, अशा अर्थाचं तो बोलला आणि रोहिल्यांवर चालून गेला. त्याच्या बहुतेक पलटणी कापल्या गेल्या. तो जखमी होऊन सापडला, शुजाच्या आसऱ्याला होता, तिथून अब्दालीच्या लोकांच्या हवाली करावा लागला आणि त्यांच्या ताब्यात मेला.

आता रणांगण नीट पाहा. मराठ्यांच्या बाजूला इब्राहीमखान, आणि बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर. अब्दालीच्या बाजूला शुजाच्या सैन्यात अनुपगीर आणि उमरावगीर हे गोसावी आपल्या नागा फौजेसह. आणि हे सगळं लिहून ठेवणारा एक ब्राह्मण, फारसीत. 'हिंदू विरुद्ध मुसलमान' एवढ्या दोन खोक्यांत हे पानिपत कसं बसवणार? मुलाने स्वतःच बसवून पाहावं.

दुसरी जोडी औरंगजेबाची. ही सगळ्यांत अवघड, म्हणून सगळ्यांत गरजेची. ना. सं. इनामदारांनी 'शहेनशहा' ही कादंबरी त्याला मध्यभागी ठेवून लिहिली. तिच्या जोडीला सेतुमाधवराव पगडी वाचावेत. पगडी निलंग्याचे, हैदराबाद संस्थानात नोकरी केलेले, उर्दू-फारसी अस्खलित जाणणारे. मोगलांची फारसी साधनं त्यांनी मराठीत आणली नसती तर आपल्यातल्या बहुतेकांना ती कधी कळलीच नसती. त्यांनी मराठीत आणलेल्यांपैकी एक भीमसेन सक्सेना. बऱ्हाणपूरचा कायस्थ, मोगलांच्या चाकरीत दख्खनभर फिरलेला. आपल्याच बादशहाची किल्ल्यांमागची धावाधाव आणि तिच्यात होरपळलेली रयत, दोन्ही तो लिहून ठेवतो. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी ऑड्री ट्रश्की यांचं औरंगजेबावरचं छोटं चरित्र (२०१७) आहे. त्यावर टीकाही पुष्कळ झाली, तीही वाचावी.

ही पुस्तकं वाचून औरंगजेब निर्दोष सुटणार नाही. बापाला कैदेत टाकणं, भावांना संपवणं, १६७९ चा जिझिया, १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा क्रूर वध, यातलं काहीही झाकून ठेवायचं कारण नाही. पण त्याच पानांवर आणखी एक गोष्ट दिसते. त्याने विजापूर घेतलं १६८६ मध्ये, गोवळकोंडा १६८७ मध्ये. दोन्ही मुसलमानांची राज्यं. मुसलमान सुलतानांवरच्या या स्वारीला धर्माची मान्यता द्यायला त्याच्या मुख्य काझीने, शेख-उल-इस्लामने, नकार दिला आणि पद सोडलं. म्हणजे दख्खनच्या मुसलमानाचे पणजोबा-खापरपणजोबा बहुधा या बादशहाच्या फौजेपुढे उभे होते, मागे नव्हते. हे कळल्यावर सोळा वर्षांच्या पोराला स्टेटस ठेवण्याआधी निदान थांबावंसं वाटेल.

तिसरं नाव मलिक अंबरचं. रिचर्ड ईटन यांच्या 'अ सोशल हिस्टरी ऑफ द डेक्कन' (२००५) या पुस्तकात आठ माणसांच्या आयुष्यांतून साडेचारशे वर्षांचा दख्खन उलगडतो. त्या आठांत बंदानवाज गेसूदराज आहेत, महमूद गावान आहे, आपले तुकोबा आहेत, ताराबाई आहेत आणि मलिक अंबर आहे. मनू पिल्लई यांचं 'रिबेल सुल्तान्स' (२०१८) त्याहून हलकंफुलकं आणि गोष्टीवेल्हाळ. तरुणांनी आधी ते वाचावं, मग ईटन.

अंबर इथिओपियातला. कोवळ्या वयात गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या एका मालकाने त्याला शिकवलं, दख्खनमध्ये अहमदनगरच्या निजामशाहीच्या पेशव्याने विकत घेतलं. तो पेशवा चंगीझखान स्वतःही एकेकाळचा हबशी गुलाम. पुढे हाच अंबर बुडत्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत त्याने मोगलांना दख्खनमध्ये सुखाने बसू दिलं नाही. जहांगीर इतका वैतागला की अंबरच्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्र त्याने काढून घेतलं; प्रत्यक्षात ते त्याला कधी जमलं नाही. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच कामी आले. अंबरने वसवलेल्या खडकीचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. नावं बदलत गेली. त्याने खेळवलेल्या पाण्याची नहर-ए-अंबरी मात्र आजही त्याचंच नाव सांगते. विकल्या गेलेल्या त्या मुलाच्या नजरेतून कुमारांसाठी एक चांगली मराठी कादंबरी कुणीतरी लिहायला हवी. आपल्यातल्या एखाद्या मुलीने लिहिली तर फारच छान.

सातवी-आठवीच्या मुलांसाठी चौथं पुस्तक. वीरा हिरानंदानी यांची 'द नाइट डायरी' (२०१८), सोप्या इंग्रजीत. सिंधमधल्या मीरपूरखासची बारा वर्षांची निशा, बाप हिंदू, आई मुसलमान आणि ती निशाच्या जन्माच्या वेळीच गेलेली. १९४७ साली घर सोडावं लागतं आणि ही मुलगी रोज रात्री वहीत आईला पत्रं लिहिते. मी यांच्यातली की त्यांच्यातली, हा तिचा प्रश्न आपल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. मूल मोठं झालं की जोडीला उर्वशी बुटालिया यांचं 'द अदर साइड ऑफ सायलेन्स' (१९९८) द्यावं. फाळणी भोगलेल्या साध्या माणसांच्या, विशेषतः बायकांच्या तोंडून आलेल्या हकिगती त्यात आहेत. कल्याणजवळचं उल्हासनगर अशाच सिंधी निर्वासितांनी वसवलं, हेही तेव्हा सांगावं. इंग्रजी जड जात असेल तर घरातल्या थोरल्या भावाने किंवा आपाने वाचून मराठीत सांगावं. पूर्वी गोष्टी अशाच पोचत होत्या.

गोविंद पानसरे यांचं 'शिवाजी कोण होता?' (१९८८) हे लहानसं पुस्तक तर प्रत्येक घरात हवंच. शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या मुसलमानांबद्दल त्यात वाचायला मिळतं. मात्र त्या नावांच्या ज्या लांबलचक याद्या मोबाइलवर फिरतात, त्या जशाच्या तशा पुढे ढकलू नयेत. दौलतखान, काझी हैदर ही नावं कागदपत्रांत सापडतात. मदारी मेहतरसारख्या काही नावांना मुख्यतः दंतकथेचा आधार आहे, आणि अभ्यासकांनी त्यावर शंका घेतली आहे. वादात ऐकीव नाव पुढे केलं आणि ते खोटं ठरलं की खऱ्या नावांवरचाही विश्वास उडतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. इब्राहीमखान पानिपतावर लढला म्हणून आपल्या मुलाला या मातीत राहायचा हक्क मिळालेला नाही. तो नसता लढला तरी हक्क तेवढाच राहिला असता. गारद्याचं नाव निष्ठेचा दाखला म्हणून खिशात ठेवून फिरायचं नाही, आणि अफजलखानाचं नाव कुणी घेतलं म्हणून मान खालीही घालायची नाही. ती माणसं आपापल्या मालकासाठी, पगारासाठी, इज्जतीसाठी लढली आणि गेली. त्यांचा हिशेब आठवीतल्या पोराने का चुकता करायचा? पुस्तकं वाचायची ती हे ओझं उतरवण्यासाठी, आणि ज्या मुलुखात आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतोय तो नीट ओळखीचा व्हावा म्हणून.

ईदीचे पैसे मुलांच्या हातात पडतात तेव्हा त्यांतले थोडे यातल्या एका जोडीसाठी बाजूला काढायला सांगा. मोहल्ल्यातल्या चार घरांनी एकेक जोडी घेतली तर वर्षभराची देवघेव सहज होते. आणि त्या वर्गात जे मान वळवून बघत होते, त्यांच्यापैकी एखादा मित्र असेलच. पुस्तक वाचून झालं की त्यालाही द्यावं.