कोरड्या नदीचा कायदा

ओढा आटला तरी तो ओढाच असतो, हे आमच्या करमाडमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दिवाळीनंतर इथले नाले बारीक होत जातात, होळीपर्यंत पात्रात गोटे आणि वाळू उरते. तरी माणसं त्याला नदीच म्हणतात. कायद्याला हे कळायला मात्र बराच वेळ लागला. १९७४च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमात ‘प्रवाह’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. तिच्यात नदी आहे, जमिनीखालचं पाणी आहे, आणि वाहता असो की त्या वेळी कोरडा असो, असा प्रत्येक जलमार्ग आहे. मराठवाड्यातल्या माणसाने लिहावी अशीच ही व्याख्या आहे. पण त्याच व्यवस्थेत कारखान्याच्या पाइपाला जो आकडा लावला जातो, त्याचं मूळ बारमाही नद्यांच्या देशात आहे. व्याख्या इथली आणि आकडा तिथला, या विसंगतीची ही गोष्ट आहे.

सुरुवात जुन्या कायद्यांपासून करू. १८५३मध्ये मुंबई आणि कुलाब्याच्या किनाऱ्यावरची घाण आणि अडथळे हटवण्यासाठी एक कायदा झाला. १८५७च्या ओरिएंटल गॅस कंपनीच्या कायद्यात गॅस तयार करताना पाणी नासवलं तर दंड होता. १८६०च्या भारतीय दंडसंहितेत कलम २७७ आलं: सार्वजनिक झरा किंवा जलाशय घाण केला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. पण वाहती नदी ही ‘सार्वजनिक झरा’ या शब्दांत बसत नाही, असा अर्थ एकोणिसाव्या शतकातल्या न्यायालयांनी लावला. म्हणजे एके काळी वाहत्या नदीलाही या कलमाचा आसरा नव्हता, आणि पुढे कोरड्या नाल्यालाही तो मिळाला. कागदावर हा प्रवास मोठाच म्हणायला हवा.

या प्रवासात महाराष्ट्र पुढे होता. केंद्राच्या आधीच राज्याने १९६९चा जल प्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापन केलं. अमेरिकेचा गाजलेला स्वच्छ पाण्याचा कायदा त्यानंतर दोन वर्षांनी, १९७२मध्ये आला. केंद्राचा १९७४चा कायदा महाराष्ट्राने १ जून १९८१पासून स्वीकारला. या सगळ्या कायद्यांची रीत साधारण एकच आहे. प्रदूषण कुठून होतं, ते तोंड शोधायचं. पाइप, गटार, चर, जे काही असेल ते. त्या तोंडाच्या मालकाला परवानगी घ्यायला लावायची, आणि त्यातून काय, किती पडेल याची मर्यादा ठरवून द्यायची. आपल्याकडे या परवानगीला ‘संमतीपत्र’ म्हणतात. शेतातून वाहून येणारं खत-औषध असं एका तोंडाने येत नाही, त्यामुळे ते या रीतीत सापडत नाही. कारखान्याचं आणि शहराचं सांडपाणी मात्र सापडतं. बोट दाखवता येईल असं प्रदूषण आवरणं तुलनेने सोपं, असा या रीतीमागचा विश्वास आहे.

आता आमचा रस्ता पाहा. करमाडहून जालना रोडने छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की शेंद्रा, कुंभेफळ आणि मग चिकलठाणा लागतं. १९६२मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. त्यानंतर आधी चिकलठाण्याची वसाहत वाढली, ऐंशीच्या दशकात शहराच्या पलीकडे वाळूज भरभराटीला आलं, आणि मग शेंद्र्याची पाळी आली. नव्या औद्योगिक शहरासाठी लाडगाव-करमाड भागातल्या जमिनी गेल्या. सप्टेंबर २०१९मध्ये ‘ऑरिक’च्या मुख्य इमारतीचं उद्घाटन झालं. या कारखान्यांनी आमच्या घराघरांत पगार आणले, हे विसरून चालणार नाही. माझ्या वर्गातली निम्मी मुलं आज कुठल्या ना कुठल्या शिफ्टला जातात.

पण प्रत्येक वसाहतीला शेजार मिळाला तो एखाद्या बारीक नदीचा. चिकलठाण्याजवळून सुखना जाते, वाळूजच्या बाजूला खाम आहे. खाम शहराचं सांडपाणी घेऊन गोदावरीकडे जाते, आणि शहर पिण्याचं पाणी गोदावरीवरच्याच जायकवाडीतून आणतं. सुखनेच्या काठच्या गावांच्या रसायनमिश्रित पाण्याबद्दलच्या तक्रारी जुन्या आहेत, आणि त्या अजून संपलेल्या नाहीत.

इथे तो आकडा येतो. सांडपाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू खातात. किती खातात, त्या मापाला बीओडी म्हणतात. ते वाढलं की मासे गुदमरतात आणि पाण्याला वास मारायला लागतो. ब्रिटनमध्ये १८९८ साली सांडपाण्याच्या विल्हेवाटीवर एक शाही आयोग नेमला गेला. त्याने १९१२च्या आठव्या अहवालात मर्यादा सुचवली: बीओडी लिटरला २० मिलिग्रॅम, तरंगता गाळ ३० मिलिग्रॅम. पण त्यासोबत एक अट होती. सांडपाण्याच्या किमान आठपट स्वच्छ नदीचं पाणी त्यात मिसळलं पाहिजे. आयोगाचा हिशेब सरळ होता. स्वच्छ नदीचा बीओडी २ धरायचा. तिचे आठ भाग म्हणजे १६, त्यात सांडपाण्याच्या एका भागाचे २०, एकूण ३६. भागिले नऊ, उत्तर ४. नदीचा बीओडी ४च्या वर गेला की ती त्रासदायक होते, असं त्यांचं निरीक्षण होतं. म्हणजे २० हा आकडा एकटा नव्हता. ती नदीसकट मांडलेली बेरीज होती.

जगभर प्रवास करताना आकडा टिकला, आठपट पाणी मात्र वाटेत गळलं. आपल्याकडे पर्यावरण संरक्षण नियमांतली सर्वसाधारण मर्यादा, नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी, बीओडी ३० आहे. उष्ण हवामानामुळे चाचणीही आपण पाच दिवसांऐवजी तीन दिवसांची, २७ अंशांवर करतो. आंघोळीयोग्य नदीसाठी आपलीच मर्यादा आहे ३. आता तोच हिशेब इथे मांडू. २ बीओडीच्या स्वच्छ पाण्यात ३०चं सांडपाणी मिसळून ३पर्यंत उतरवायचं, तर सत्तावीसपट पाणी लागतं. एप्रिलमध्ये आमच्या नाल्यात एकपटही नसतं. तेव्हा पाइपातून येईल तीच नदी. म्हणजे नियम तोडणाऱ्या कारखान्याचं सोडाच, नियम तंतोतंत पाळणाऱ्या कारखान्याखालीसुद्धा आंघोळीच्या मर्यादेच्या दहापट घाण असलेला प्रवाह तयार होऊ शकतो, आणि त्यात बेकायदा काहीच नसतं. क्षार आणि धातूंचं तर आणखी अवघड आहे. ते कुजून नाहीसे होत नाहीत.

हे पाणी पात्रातच राहिलं असतं, तर एक वेळ ठीक होतं. पण आमची जमीन काळ्या पाषाणाची. वर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक. विहिरीला पाणी लागतं ते या मुरमातून आणि भेगांतून. नाल्याकाठच्या विहिरीवर मोटर चालली की तिची पातळी नाल्याच्या तळाखाली जाते, आणि नाल्यातलं पाणी आपसूक तिच्याकडे ओढलं जातं. जितका जास्त उपसा, तितकी जास्त ओढ.

माझं शिक्षण रसायनशास्त्राचं, आणि काही वर्षं मी पाणी तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत होतो. त्या काळात माझे एक चुलते कोल्ड्रिंकच्या बाटलीत विहिरीचं पाणी भरून घेऊन आले. त्यांचं शेत एका वसाहतीच्या खालच्या अंगाला आहे.

“एवढं तपासून दे बरं. पाणी पिवळं यायलंय, मोसंबीची पानं करपायलीत.”

मी म्हटलं, “काका, मी आकडे देतो. पण यावर कुणावर खटला उभा राहत नाही.”

“पाणी माझ्या विहिरीचं, भरलं मी. अन् ते चालत नाही म्हणतोस?”

कलम २१ काय म्हणतं, ते मी त्यांना सांगितलं. सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकृत माणसाने घ्यायचा. तपासणीसाठी घेतोय, याची नोटीस कारखान्याच्या माणसाला तिथल्या तिथे द्यायची. त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील करायचे, दोघांनी सह्या करायच्या. ही रीत चुकली तर ती तपासणी पुराव्यात धरली जात नाही. खोट्या आरोपापासून संरक्षण म्हणून हे योग्यच आहे. पण पाइप रात्री दोनला उघडतो आणि नमुना दुपारी बाराला घेतला जातो, तेव्हा पुराव्याची ही काळजी एकाच बाजूच्या कामी येते. काकांच्या विहिरीत क्षार पिण्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त निघाले. अहवाल त्यांनी घडी करून खिशात ठेवला. पुढच्या वर्षी मोसंबी काढून टाकली.

कायदा अगदीच लंगडा आहे, असं नाही. १९८८च्या दुरुस्तीने मंडळाला कारखाना बंद करण्याचे, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचे अधिकार मिळाले. साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकालाही न्यायालयात तक्रार नेता येऊ लागली. फेब्रुवारी २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सांडपाणी प्रक्रियेची चालू यंत्रणा नसेल तर उद्योग चालू देऊ नका. दुसरीकडे नदीपासून उद्योग किती दूर असावेत हे ठरवणारं २०००चं धोरण राज्याने २००९मध्ये सुधारलं आणि २०१५मध्ये रद्दच केलं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते फारसं न वाचलं जाणारं एक पोटकलम: १७(१)मधलं, इंग्रजी ‘के’ अक्षराचं. राज्य मंडळाच्या कामांची ती यादी आहे. त्यात म्हटलंय, की एखाद्या विशिष्ट प्रवाहात सोडायच्या सांडपाण्याची मर्यादा ठरवताना, पाऊस नसलेल्या दिवसांत त्या प्रवाहात मिसळायला कमीत कमी किती पाणी असतं, ते लक्षात घ्यावं. १९१२च्या अहवालातलं ते हरवलेलं आठपट पाणी आपल्या कायद्यात असं शब्दाशब्दांत बसलेलं आहे. सुखनेला गोदावरीचा आकडा लावू नका, तिच्या एप्रिलचा आकडा लावा, एवढंच ते सांगतं. असा हिशेब प्रामाणिकपणे केला, तर आमच्या भागातल्या बहुतेक नाल्यांसाठी उत्तर एकच येईल: कोरड्या महिन्यांत एक थेंबही सोडू नका, पाणी शुद्ध करून कारखान्यातच पुन्हा वापरा.

म्हणून यापुढे करमाडच्या शिवारात नवा कारखाना यायचा असेल, तेव्हा ‘मर्यादा पाळणार का’ या प्रश्नाने समाधान मानू नये. मर्यादा कुठल्या महिन्याच्या पाण्यावर ठरवली, हे विचारावं. संमतीपत्रातल्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची असते, आणि त्या पाइपाची झळ ज्याला बसते त्याला ती पाहता येते. कलम २५(६). जनसुनावणीला जाताना हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून न्यावा. काकांच्या मोसंबीला आता त्याचा उपयोग नाही. पण शेंद्र्याच्या खालच्या अंगाला अजून बऱ्याच विहिरी गोड आहेत.